रेषेबाहेरचे सात ठिपके

सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते दवाखान्याच्या माळ्याला झापत होते.

"अबे, किती पाणी ओतून राह्यला तू? मारतं का काय तिले?"

"पाणीच तं हाये सर. जहर थोडीच हाये?" माळी म्हणाला.

सरांनी कुंडीतल्या मातीत बोट खुपसलं, बाहेर काढलं, हुंगलं. शेजारून मी चालले होते. नोकरीचा पहिला दिवस, इस्त्रीची साडी, हातात रुजू व्हायचा कागद. त्यांनी तेच बोट माझ्या नाकासमोर धरलं. "घ्या, वास घ्या. सडका येते का नाही? मुळाले हवाच नाही पोचून राह्यली." मला वाटलं, कोणाचा तरी पेशंट सुटून बाहेर आलाय. "येतो, येतो वास," मी म्हणाले आणि सटकले. दुपारी कळलं की आपल्याला ज्यांच्या विभागासाठी रक्त तपासायचंय ते हेच.

अमरावतीच्या त्या दवाखान्यात कॅन्सरला शेक द्यायचं एक कोबाल्टचं मशीन होतं. शेक म्हणजे किरणांचा उपचार. आमच्याकडे सगळे शेकच म्हणतात. कोणत्या पेशंटला मशीनखाली किती मिनिटं ठेवायचं याचं गणित करणारा एक भौतिकशास्त्राचा माणूस अशा ठिकाणी असतोच. तो बिचारा मागच्या खोलीत बसतो, आणि पेशंटला त्याचं तोंडही माहीत नसतं. आमच्या सरांचं तसं नव्हतं. ते मागच्या खोलीत टिकायचेच नाहीत. आधी ते अकोल्याला कॉलेजात शिकवत. चाळिशी उलटल्यावर त्यांनी ती नोकरी सोडली आणि मुंबईला जाऊन हे शिकून आले. का, असं विचारलं तर म्हणायचे, "तिथं पोरायले झोप येत होती. इथं कोणी झोपत नाही."

हवा हे त्यांचं वेड. त्यांचं घर अकोल्याला, माझं माहेरही तिथलंच, त्यामुळे महिन्यातून दोन शनिवार आम्ही एकाच बसमध्ये असायचो. थंडीचे दिवस, सगळी बस कानाला मफलर गुंडाळून बसलेली, आणि हे गृहस्थ एकेक खिडकी उघडत पुढे सरकताहेत. मूर्तिजापूरला एकदा एक धिप्पाड माणूस वैतागला. "ओ काका, एवढी हवा पायजे तं टपावर बसा ना!" सर खरंच विचारात पडले. कंडक्टरकडे वळून म्हणाले, "चालते का तसं?" मी खिडकीबाहेर बघत राहिले. अशा वेळी माझी त्यांची ओळख नसायची.

घशाच्या कॅन्सरचे पुरुष शेकाला यायचे, तर सर दारात उभे राहून त्यांचा श्वास हुंगायचे. बिडीचा वास आला की खलास. "तुह्या रक्तात हवेची जागा असते ना, तिच्यावर हा धूर बसते. अन् बसला की उठतच नाही. आता मी किरण सोडून काय करू? जाय, दोन तास झाडाखाली बस." म्हातारा शिव्या देत झाडाखाली जाऊन बसे. दोन तासांनी सर स्वतः त्याला बोलवायला जात, आणि परत हुंगत.

त्यांच्या बायकोला मी एकदाच भेटले, अकोल्याच्या स्टँडवर. शाळेत शिकवायच्या त्या. म्हणाल्या, "आमच्या लग्नाच्या फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत. हे मांडवाच्या छताकडे. एवढ्या माणसांना हवा पुरते का ते मोजत होते." मला ती थट्टा वाटली. पुढे कळलं, थट्टा नव्हती.

पण या वेडाच्या मुळाशी एक खरी गोष्ट होती, आणि ती सांगायची त्यांची पद्धत मी दुसऱ्या कोणाकडे पाहिली नाही. व्हरांड्यात शेकासाठी बसलेल्या बायकांच्या मधोमध ते उकिडवे बसायचे. बहुतेक बायका गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरच्या. भातकुलीकडच्या, धामणगावकडच्या, नांदगाव खंडेश्वरच्या.

"सांगा बरं, पाऊस लय झाला, वावरात पाणी साचलं, तं पऱ्हाटी काहून मान टाकते?"

"मूळ गुदमरते," कोणीतरी लगेच म्हणायचं. कपाशीत जन्म गेलेल्या बायका त्या. त्यांना हे काय शिकवायचं?

"बस! तुमच्या गाठीतबी तशीच चिबड जागा असते. रक्ताच्या नळीपासून लांब. तिथल्या पेशी उपाशी असतात, पण मेल्या नसतात. आमचा किरण पडला की त्यायले जखम होते. पण ते जखम पक्की कराले हवा लागते. हवा नसन तं पेशी जखम बुजवून घेते अन् पुन्हा उभी राह्यते. तिले मारायची तं दुप्पट, तिप्पट किरण लागन. तेवढा देला तं बाईच जळून जाईन. म्हणून निम्मं काम किरणाचं अन् निम्मं हवेचं. अन् हवा कोण पोचवते?"

"रक्त," व्हरांडा म्हणायचा.

मग सर एकेकीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघायचे आणि कपाळाला हात लावायचे. "पांढरी फटक! एकीच्याही अंगात लाल नाही राव!" आमच्या शिकाऊ डॉक्टरांना हेच समजायला अख्खा तास लागायचा. बायका दोन मिनिटांत मान डोलवायच्या.

ती वर्षं कोणती हे वऱ्हाडात कोणाला सांगायला नको. दिल्ली-मुंबईच्या गाड्या यायच्या, माणसं वही घेऊन गावोगाव फिरायची. आमच्या अपघात विभागात फवारणीचं औषध प्यालेले शेतकरी यायचे आणि त्यांच्या बाहेर कॅमेरे उभे असायचे. पलीकडच्या व्हरांड्यात या बायका बसलेल्या असायच्या. वर्ष वर्ष अंगावरून जात होतं, तरी निंदण चुकवलं नव्हतं, वेचणी चुकवली नव्हती, आणि आता गाठ घेऊन आल्या होत्या. त्यांच्याकडे एकही कॅमेरा वळला नाही. मला त्याचा राग यायचा, अजून येतो.

सरांनी मात्र या बायकांसाठी एक गणित मांडलं होतं. त्यांच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर होता, वरचं झाकण काढलेला. "त्यालेबी हवा पायजे." त्यात त्यांनी गाठीचं एक वावर आखलं होतं. बारीक चौकोन म्हणजे पेशी, मधून जाणारे पाट म्हणजे रक्ताच्या नळ्या. पाटापासून किती लांबपर्यंत ओल, म्हणजे हवा, पोचते. कोणता चौकोन तहानलेला राहतो. रोज थोडा थोडा किरण दिला तर सहा आठवड्यांनी किती चौकोन उरतात. बाईच्या गाठीचं माप आणि तिचं हिमोग्लोबिन घातलं की तिच्यासाठी एक आकडा निघायचा: गाठ जायची शक्यता किती. मधेच वीज जायची. त्या वर्षांत सहा-सहा तास भारनियमन, गणित अर्ध्यात मरायचं. मग सर एक्स-रेच्या पिवळ्या पाकिटांच्या पाठीवर हाताने आकडेमोड करत बसायचे. दवाखान्यात सगळे या आकड्याला ‘सरांची कुंडली’ म्हणत. बायकासुद्धा विचारायच्या, "सर, माही कुंडली निंगाली का?" सर चिडायचे. "कुंडली नाही बाई, अंदाज! अंदाज!"

त्या गणितातून एक गोष्ट निघाली, की हिमोग्लोबिन दहाच्या खाली गेलं की आकडा धाडकन पडतो. सरांनी आमच्या मोठ्या डॉक्टरांना ते दाखवलं, महिनाभर त्यांच्या मागे लागले, आणि नियम झाला. दहाच्या खाली असेल तर आधी रक्त चढवायचं, मगच शेकाला नंबर लावायचा. चांगला नियम होता. मी आजही म्हणेन, चांगला होता.

फक्त त्यात एक होतं. जिचा नंबर हुकला तिचं नाव यादीच्या तळाशी जायचं, आणि यादी तीन आठवड्यांची होती. सरांचा हिशोब असा, की रक्त काय, दोन दिवसांत मिळेल. इथे नवरे आणि दीर म्हणायचे, "रक्त देलं का कमजोरी येते. मंग डवरा कोण हाकन?" बायका सात-आठ हिमोग्लोबिन घेऊन धर्मशाळेत बसून राहायच्या, नाहीतर घरी पाठवल्या जायच्या.

आता माझं सांगते.

माझी लॅब म्हणजे जिन्याखालची खोली. दोन माणसं आत मावायची नाहीत, म्हणून भिंतीला एक छोटी खिडकी पाडली होती. पेशंटने बाहेरून चिठ्ठी द्यायची आणि हात आत घालायचा. मी बोट टोचायचं, रक्ताचा थेंब नळीत घ्यायचा, आणि मग थेंब थेंब पाणी घालून रंग जुळवत हिमोग्लोबिन मोजायचं. वर्षानुवर्षं मी माणसं पाहिलीच नाहीत, हात पाहिले. कपाशीच्या बोंडांनी चिरलेली बोटं, नखांत काळी माती. हातावरून मी गाव सांगू शकले असते.

एक दिवस एक हात आत आला. मनगटावर तुळशीवृंदावन गोंदलेलं, करंगळी मोडून वाकडी जुळलेली. आकडा आला बारा. मी खूष झाले. बारा आमच्याकडे सणासुदीला दिसायचा. चार दिवसांनी दुसऱ्या नावाची चिठ्ठी आली. तेच वृंदावन, तीच करंगळी.

"बाई, नाव काय तुमचं?" मी विचारलं.

"लिवलं हाये ना चिठ्ठीवर."

"तुमच्या तोंडून सांगा."

 ती खिडकीला तोंड लावून हळूच म्हणाली, "तिची बारी जाईन ना मॅडम. टोचा बाप्पा, काय होते? माह्यात लय हाये."

शेवंताबाई तिचं नाव. भातकुलीची. जावेच्या शेकासाठी सोबत आली होती आणि धर्मशाळेत सगळ्यांसाठी भाकरी थापायची. तिच्या हिशोबाने ती रक्तच देत होती. ज्या बाईचं कमी, तिच्या नावावर आपलं जास्तीचं. भाकरी वाढावी तसं.

मी टोचलं. साडेअकरा लिहिलं. नियम काय होता, कशासाठी होता, मला चांगलं माहीत होतं. सरांचं पऱ्हाटीचं कीर्तन मी शंभर वेळा ऐकलं होतं. पण तीन आठवडे मागे पडणाऱ्या बाईचं तोंड डोळ्यांसमोर आलं आणि वाटलं, एवढ्याने काय होतंय? शेक तर मिळतोय ना? त्या पहिल्या बारासकट असं सात वेळा झालं. सातही जणींबाबत मी गप्प राहिले.

पुढच्या वर्षी फेरतपासणीचे निकाल यायला लागले. सरांनी एक मोठा आलेखाचा कागद भिंतीवर लावला होता. त्यावर गणिताने काढलेली रेषा, आणि एकेका बाईचा एकेक ठिपका. गाठ गेली तर भरीव, परत आली तर पोकळ. सुरुवातीला ठिपके रेषेच्या आजूबाजूला पडत गेले. सर खुशीत असायचे, माळ्यालाही बोलत नसत. मग चांगल्या हिमोग्लोबिनच्या बाजूला, जिथे सगळे भरीव यायला हवेत तिथे, एक पोकळ पडला. मग दुसरा. वर्ष सरता सरता सात.

सर वाळायला लागले. आधी त्यांनी मशीनवर संशय घेतला, पाण्याच्या टाकीत किरण सोडून मोजणी करून पाहिली, बरोबर निघाली. मग स्वतःच्या मिनिटांवर. जुनी सगळी पाकिटं काढून परत आकडेमोड केली. मग पेशींच्या चौकोनांत काय काय घालून बघितलं. शनिवारची बस सोडली. व्हरांड्यातलं उकिडवं बसणं थांबलं. बायका विचारायच्या, "सर रुसले का हो?"

एका सकाळी ते माझ्या खिडकीशी आले. वाकून म्हणाले, "मॅडम, राग नका मानू. तुमची ते रंगाची नळी... जुनी झाली असन का? आकडा जास्त तं नाही दाखवत?"

आणि मी काय केलं? मी भडकले. "दहा वर्षं झाली मला या कामात! आजवर कोणी बोट दाखवलं नाही! तुमचं गणित जमत नाही तर माझ्या नळीवर खापर फोडता होय?" एवढ्या मोठ्याने की औषधांच्या रांगेतली माणसं वळून पाहायला लागली. चोराच्या तोंडात केवढा जोर असतो हे मला त्या दिवशी कळलं. सरांचा चेहरा एवढासा झाला. दुसऱ्या दिवशी माझ्या खिडकीत एक पिशवी होती, संत्र्यांची. सोबत पिवळ्या पाकिटाचा कपटा: ‘संशय घेतला, चुकलो.’ मी ती संत्री घरी नेली, मुलांनी खाल्ली. मला एक फोड गिळवली नाही.

तरी तोंड उघडलं नाही. नोकरीची भीती होती, ते खरंच. पण त्याहून जास्त भीती त्या सात ठिपक्यांची होती. खरं बोलले की त्यांचा माझ्याशी काही संबंध आहे असं होणार होतं.

मग एका सोमवारी सरांनी मोठ्या डॉक्टरांना सांगितलं, "साहेब, माझा दहाचा नियम काढून टाका. ज्यायचं रक्त चांगलं होतं त्यायचीच गाठ परत येऊन राह्यली. मी चुकलो. बायका उगाच अडकवून ठेवल्या मी." डॉक्टरांना यादी हलवायचीच होती. नियम गेला. त्याच आठवड्यात धामणगावची नसीमबी आली, एका टेलरची बायको. तिचं हिमोग्लोबिन सात. या वेळी हातही तिचाच होता. आता कोणाला काही लपवायचं कारणच उरलं नव्हतं. गुरुवारपासून शेक सुरू करायचं ठरलं, रक्त न चढवता.

बुधवारी दुपारी तिचा नवरा माझ्या खिडकीशी आला. मेहंदी लावलेली दाढी, गळ्यात माप घ्यायची टेप तशीच राहिलेली. "मॅडम, मैं तो खून देने कू तैयार हूँ. मेरा साला बी हाय, बाहर खडा हाय. पन कोई लेतेच नहीं. बोलते, अब जरूरत नहीं. ऐसा कैसा?"

वऱ्हाडात दोन दोन पुरुष बाही वर करून उभे, आणि रक्त घ्यायला कोणी नाही. कारण काय, तर माझं खोटं. मी नळ्या तशाच टाकल्या आणि सरांच्या खोलीत गेले.

वीज नव्हती. सर अंधुक उजेडात नुसते बसले होते. मी उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं. खिडकीतला हात, वृंदावन, करंगळी, साडेअकरा. शेवंताबाईचं नाव नाही घेतलं, माझं घेतलं. "ते सात जणींचे आकडे त्यांचे नाहीत सर. त्यांचं खरं हिमोग्लोबिन सात-आठच असणार. मला माहीत होतं."

 सर ताडकन उठले. टेबलावर थाप मारली. "म्हणजे रेषा बरोबर हाये!" भिंतीजवळ गेले, कागदावर बोट फिरवायला लागले. सात-आठ हिमोग्लोबिनच्या जागी हे पोकळ ठिपके सरकवले तर, इथे, इथे... "बसतात! सगळे बसतात! मी वर्षभर येड्यासारखा..." ते हसत होते. इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता. बोट पाचव्या ठिपक्यावर होतं, आणि तिथेच थांबलं. हसू गेलं. हात हळूहळू खाली आला. ते खुर्चीत येऊन बसले. 

"नावं सांगा," ते म्हणाले.

मला सातही नावं पाठ होती. त्यांनी पेन्सिलने एकेका ठिपक्याशेजारी एकेक नाव लिहिलं.

मला वाटत होतं, त्यांनी ओरडावं. खूप ओरडावं. त्यांनी फक्त विचारलं, "मले तेव्हाच काहून नाही सांगतलं?"

"तुम्ही ऐकलं असतं का सर? नियम मोडू दिला असता?"

बसच्या टपाबद्दल केला होता तसाच त्यांनी याही प्रश्नाचा मनापासून विचार केला. "नसता देला," ते म्हणाले.

मोठ्या डॉक्टरांकडे ते एकटेच गेले आणि चूक आपल्या नियमाची असं सांगून आले. मी मागोमाग जाऊन माझी सांगितली. मला लेखी ताकीद मिळाली, नोकरी राहिली. नियम परत आला, पण एका ओळीची भर घालून. रक्त चढेपर्यंत बाईचा नंबर तिच्या नावावर राखून ठेवायचा, कोणाचंही नाव खाली सरकवायचं नाही. एवढंच. हे सुचायला आम्हाला सात बायका लागल्या. गुरुवारी नसीमबीच्या नवऱ्याचं आणि भावाचं रक्त घेतलं गेलं. तिची गाठ गेली. पुढे कितीतरी वर्षं ती तपासणीला यायची, दर वेळी माझ्या ब्लाउजच्या बाहीकडे बघून शिवणीला नावं ठेवायची. सर मात्र म्हणायचे, "एका बाईवरून काही सिद्ध होत नाही. रक्त देऊनही जाते कोणाची, नाही जात कोणाची. अंदाज हाये."

सातांपैकी चौघी तोवर गेल्या होत्या. दोघी नागपूरला पुढच्या उपचाराला होत्या. उरली एक, कांताबाई, नांदगाव खंडेश्वरजवळच्या खेड्यातली. तिने तपासणीला यायचं सोडलं होतं. सर एका रविवारी म्हणाले, "चला. तुमचा तपासायचा डबा घ्या सोबत."

"डबा कशाला?"

"तिचा खरा आकडा पायजे."

माझं डोकं फिरलं. अख्ख्या बसमध्ये मी त्यांना बोलले. "मरायला टेकलेल्या बाईचं बोट टोचायचं? कागदावरच्या ठिपक्यासाठी? लाज वाटत नाही?" सर खिडकीबाहेर बघत होते. खिडकी बंद होती आणि त्यांनी ती उघडली नव्हती.

कांताबाई ओसरीत बाजेवर होती. अंगात काही उरलं नव्हतं. आम्हाला पाहून उठायला गेली, तिच्या सासूने धरलं. सर तिच्या बाजेशेजारी खाली जमिनीवर बसले. डब्याचं नाव त्यांनी काढलं नाही.

"बाई, मी माफी मांगाले आलो," ते म्हणाले. "तो नियम माहा होता. दहाचा. त्याच्यापायी तुमाले दुसरीचा हात घालावा लागला."

कांताबाईला हसू आलं. "तुमचा नियम चांगला होता सर. पण माही बारी गेली असती ना, तं मी परत आलीच नसती. घरी गेलेली बाई कोण पाठवते परत? इकडे वेचणी, तिकडे म्हैस. शेवंतानं हात देला म्हणून सहा आठवडे शेक तरी भेटला. दीड वरीस चांगली राह्यली मी. पोरीचे दोन उन्हाळे पाह्यले."

सर मान खाली घालून बसले होते. मग म्हणाले, आणि ते तिला म्हणाले की स्वतःला कळलं नाही, "मी गणितात गाठ धरली, रक्त धरलं, हवा धरली. घरी पाठवलेली बाई परत येत नाही, हे नाही धरलं."

"तुमाले कसं माईत असन?" कांताबाई म्हणाली. ती त्यांची समजूत काढत होती.

मग तिची नजर माझ्या मांडीवरच्या डब्यावर गेली. "त्यात काय हाये मॅडम? ते बोटाचंच ना?" मी काही बोलायच्या आत तिने हाक मारली. दाराआडून एक पोरगी आली, आठ-नऊ वर्षांची, काटकी. कांताबाईने तिचा हात धरून माझ्यापुढे केला. "हिचं पाहा. मले वाटते, हिचंबी कमी हाये. शाळेतून येते अन् निजते. आतापासूनच पाहा."

मी बोट पुसलं.  टोचलं. पोरगी हूं की चूं नाही.

"हिचंच हाये बरं मॅडम," कांताबाई म्हणाली.

मी नळी उजेडाकडे धरली. थेंब थेंब पाणी घातलं. आठाच्या खुणेशी रंग जुळला, पुढे सरकेना. सर माझ्या खांद्यावरून बघत होते. खिशात पेन्सिल होती, पिवळ्या पाकिटाचा कागदही होता. त्यांनी काही काढलं नाही.

"कमी हाये ना?" कांताबाईने विचारलं. "मंग हिले थांबा लागन का सर?"

सरांचे डोळे भरून आले होते. त्यांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. "नाही बाई," ते म्हणाले. "हिले थांबा नाही लागत. हिचं आजच सुरू."

नांदगावचं औषधांचं दुकान रविवारचं बंद होतं. सर भर उन्हात दुकानदाराच्या घराचं दार वाजवत उभे राहिले, आणि त्याने येऊन लोहाच्या गोळ्या काढून दिल्यावरच तिथून हलले.